साखर कारखान्यांतील ऊर्जाबचत (अहिल्यानगर जिल्हा)

विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणी येथे उभ्या राहिलेल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम 1950–51 चा. या कारखान्यामागून सहकारी साखरधंदा ज्या जिल्ह्यात फोफावला, तेथे ऊर्जाबचतीचा विचार उसाच्या चोथ्यापासूनच, म्हणजे बगॅसपासूनच, आरंभावा लागतो. उसाच्या वजनाच्या सुमारे 28 ते 30 टक्के भरणाऱ्या या चोथ्यावर बॉयलर चालतो, त्याच्या वाफेने टर्बाइन फिरते, आणि तेथून सुटलेली वाफ रस आटविण्यास लावली जाते, हीच सहवीजनिर्मिती.

बचतीचे खरे मर्म मात्र आटवणीच्या भांड्यांत आहे. पहिल्या भांड्यातील रसातून उठलेली वाफ, दाब कमी राखलेल्या दुसऱ्या भांड्यातील रसाला उकळी आणते, दुसऱ्यातील तिसऱ्यातील रसाला; त्यामुळे चार भांड्यांच्या मालिकेत एक किलो ताजी वाफ जवळपास चार किलो पाणी उडविते. नॉर्बर्ट रिल्यू या अमेरिकी अभियंत्याने 1843 मध्ये या पद्धतीचे पेटंट घेतले. साखरधंद्यावर एवढे उपकार क्वचितच कोणाचे असतील. उच्च दाबाचे बॉयलर व गिरण्यांना विजेच्या मोटारी ही पुढची सुधारणा होय. तथापि चोथ्यात निम्मे पाणीच असते, आणि गिरणीवर तो नीट पिळून तो ओलावा उतरविण्याचा उपाय भारी यंत्रसामग्रीच्या खरेदीपूर्वीच अंमलात यावयास हवा.