काटा खाली आला तेव्हा : फोंडा घाटातला एक घटनाक्रम

मे महिना. देवगडचा आंबा भरून कोल्हापूरमार्गे पुण्याला निघालेली जुनी डिझेल पिकअप फोंडा घाटात कायमची बंद पडते. हा घटनाक्रम कोणा एका गाडीचा नाही. हंगामात घाटाच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या राहणाऱ्या अनेक गाड्यांच्या दुखण्यांतून तो जुळवला आहे. वेळा प्रातिनिधिक आहेत, बिघाड मात्र याच क्रमाने वाढत जातो.

सकाळी ९:५० – आठ तास बाकी

गाडी रात्रभर उभी आहे, इंजिन थंड आहे. कूलंटच्या बाटलीतली पातळी खालच्या खुणेच्याही खाली गेली आहे. चालक तांब्याभर विहिरीचे पाणी ओततो आणि बॉनेट लावतो. गेल्या आठवड्यातही त्याने हेच केले होते.

कूलंट बंदिस्त मार्गात फिरते, ते डिझेलसारखे खर्च होत नाही. वरचेवर पाणी घालावे लागत असेल तर ते बाहेर गळते आहे, नाहीतर हेड गॅस्केटमधून सिलिंडरमध्ये शिरते आहे. नुसते पाणी घालत राहिले की कूलंटमधली गंजरोधक द्रव्ये विरळ होतात, बिडाचा ब्लॉक आतून गंजतो आणि तो गंज रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. आत्ता, थंड इंजिनावर, रेडिएटरचे झाकण उघडले असते तर तांबूस पाणी दिसले असते. झाकणाखालचे रबर कडक होऊन चिरले आहे, तेही दिसले असते.

सकाळी ११:५० – सहा तास बाकी

गाडी बागेच्या वाटेवर आहे. पुढच्या जाळीमागे रेडिएटरच्या पातळ पत्र्यांत जांभ्याची तांबडी धूळ, किडे आणि तेलाचा चिकटा यांचा थर बसला आहे. हवा या पत्र्यांमधून गेली तरच पाण्यातली उष्णता बाहेर पडते. डिझेल जाळून मिळालेल्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश चाकांना मिळते, तेवढीच धुरातून जाते आणि उरलेली बहुतेक याच रेडिएटरला बाहेर टाकावी लागते. इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला साध्या नळाचे पाणी मारले असते तर हा थर निघाला असता. जोराचा फवारा मात्र मारू नये, पत्रे दुमडतात.

दुपारी १:५० – चार तास बाकी

पेट्या चढत आहेत. क्षमतेपेक्षा थोड्या जास्तच. गाडीखाली तांबड्या मातीवर रुपयाएवढा ओला डाग पडला आहे, पण त्याकडे कोणाचे लक्ष नाही.

हा डाग वॉटर पंपाचा आहे. पंपाच्या अंगावर खालच्या बाजूला एक बारीक भोक असते. आतले सील झिजले की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता या भोकातून बाहेर यावे, म्हणूनच ते ठेवलेले असते. इंजिन तापलेले असताना गळालेले पाणी तिथल्या तिथे सुकते आणि मागे पांढरट-हिरवा ओघळ उरतो. इंजिन बंद ठेवून पंपाची पुली हाताने हलवली असती तर ती लटपटली असती. एवढ्यावरून पंप बदलायचा निर्णय झाला असता.

दुपारी २:५० – तीन तास बाकी

गाडी सुटते. पाणी ८२ अंशांच्या आसपास पोचते, थर्मोस्टॅट उघडू लागतो आणि काटा मध्यावर येऊन थांबतो. समोरचा वारा रेडिएटरला भिडतो आहे, म्हणून सपाट रस्त्यावर सगळे दोष झाकले जातात. चालक निर्धास्त आहे.

गाडी तापते म्हणून काही फिटर थर्मोस्टॅटच काढून टाकतात. त्याने रेडिएटरची ताकद वाढत नाही. सपाटीवर इंजिन गरजेपेक्षा थंड राहते, जास्त डिझेल पिते आणि झिजते. चढावरचे दुखणे मात्र तसेच राहते.

दुपारी ४:२० – दीड तास बाकी

नांदगाव तिठ्यावर गाड्या तुंबल्या आहेत. पिकअप जागेवर उभी राहते आणि काटा मध्यावरून दोन बोटे वर सरकतो. रस्ता मोकळा होताच तो पुन्हा खाली येतो.

निदानासाठी आख्ख्या प्रवासातला सगळ्यात स्पष्ट पुरावा हाच आहे. उभ्या गाडीत तापते आणि वेगात निवते, तर संशय पंख्यावर. उलट वेगात किंवा चढावर तापते आणि उभी केली की निवते, तर संशय रेडिएटरवर, पंपावर किंवा पाण्याच्या पातळीवर. या गाडीत दोन्ही दोष आहेत.

अशा अनेक पिकअपमध्ये पंखा सिलिकॉन तेलाच्या क्लचवर फिरतो. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की क्लच घट्ट होतो आणि पंखा जोरात ओढू लागतो. क्लचच्या मधोमध तेलकट काळे वर्तुळ दिसले तर तेल गळून गेले आहे, असे समजावे. इंजिन तापल्यावर बंद करून, चावी काढून पंखा हाताने फिरवून पाहावा. त्याने हाताला विरोध केला पाहिजे. या गाडीचा पंखा मोकाट फिरला असता.

सायंकाळी ५:०५ – पाऊण तास बाकी

फोंड्याला चहा. क्लीनर पोरगा बॉनेटजवळ नाक नेतो. "दादा, कसलो तरी गोड वास येता."

"घाट चढान जाऊंदे, मगे बघूया."

तो वास तापलेल्या लोखंडावर पडणाऱ्या कूलंटचा आहे. इथे अर्धा तास थांबून, इंजिन निववून पाणी भरले असते तर आंबा उशिरा का होईना, पोचला असता.

सायंकाळी ५:२० – अर्धा तास बाकी

घाट सुरू. दुसरा गिअर, इंजिनाला पूर्ण ताण, गाडीचा वेग मात्र सायकलइतका. समोरचा वारा नाहीसा झाला आहे. आता सगळी भिस्त पंख्यावर, आणि या घडीला त्याचा घोंघाट केबिनमध्ये ऐकू यायला हवा होता. तो येत नाही.

सायंकाळी ५:३५ – १५ मिनिटे बाकी

काटा लाल पट्ट्याला टेकतो. रेडिएटरचे झाकण प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखे काम करते. त्याने १ बार दाब धरला तर पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळते. चिरलेल्या रबरातून दाब निसटतो, म्हणून पाणी आधीच उकळते आणि वाफ होऊन बाहेर जाते. घाटमाथ्यावरचे दाजीपूर जवळ आले आहे, या आशेवर चालक गाडी रेटतो.

सायंकाळी ५:४१ – नऊ मिनिटे बाकी

काटा एकदम खाली येतो. चालक सुटकेचा श्वास टाकतो.

इंजिन निवलेले नाही. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरे सांगतो. पाणी उतरल्यामुळे तो आता उघडा पडला आहे, आणि हवा-वाफेतून त्याला पाण्याइतकी उष्णता मिळत नाही. हेड मात्र तापतच चालले आहे. थांबून इंजिन बंद करण्याची ही शेवटची संधी होती.

सायंकाळी ५:४६ – चार मिनिटे बाकी

ओढ कमी होते, ठोके ऐकू येतात, मागे पांढरा धूर. अॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. बिडाच्या ब्लॉकवर बोल्टांनी जखडलेले अॅल्युमिनियमचे हेड वाकते आणि गॅस्केट फुटते. उरलेले पाणी सिलिंडरमध्ये आणि तेलात शिरते. दुधाळ झालेले तेल बेअरिंगला वंगण देऊ शकत नाही.

सायंकाळी ५:५० – अनर्थ

इंजिन जाम होते. चालक कपडा घेऊन झाकण फिरवतो. आत उरलेल्या वाफेचा झोत त्याच्या हातावर येतो, कातडी सोलून निघते. पोरगा घाबरून तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओततो आणि हेडला तडा जातो. पेट्या दुसऱ्या गाडीत भरेपर्यंत बाजाराची वेळ टळलेली असते.

पंप, झाकण, पंख्याचा क्लच आणि रेडिएटरची सफाई, एवढ्या कामाने ही गाडी वाचली असती. आता हेड, गॅस्केट, बेअरिंग, कदाचित आख्खे इंजिन, आणि त्यावर दवाखाना.

जुनी पिकअप चालवणाऱ्या प्रत्येकाला विनंती आहे : थंड इंजिनावर आठवड्यातून एकदा झाकण उघडून पाणी पाहा आणि पातळी उतरत असेल तर भरत बसू नका, गळती शोधा. काटा लाल पट्ट्याकडे निघाला तर बाजूला थांबा, वाफ किंवा गळती दिसताच इंजिन बंद करा आणि ते पुरते निवेपर्यंत झाकणाला हात लावू नका. आणि तापलेला काटा चढावर एकाएकी खाली आला, तर तो दिलासा मानू नका. त्याच क्षणी इंजिन बंद करा.