धवळ्यांचा वारसा

लग्नाच्या चालीरीती देशोदेशी बदलत असतात. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने १० फेब्रुवारी १८४० रोजी आपल्या विवाहात पांढरा पोशाख केला. पुढे तोच युरोप-अमेरिकेतील वधूंचा शिरस्ता झाला. आमच्या कोलशेतच्या मांडवातील एक चाल याहून कितीतरी जुनी आहे, आणि ती आता ओसरू लागली आहे. ती चाल म्हणजे धवलारणीचे धवळे.

खाडीकाठच्या आम्हां आगऱ्यांच्या गावांत मांडव, हळद व लग्न या विधींचे धवळे धवलारीण गाते. पूर्वी लग्न लावण्याचा मानही तिचाच असे. तिच्यापाशी पोथी नाही. वडीलधाऱ्या बायकांच्या तोंडून ऐकलेले पाठ, हेच तिचे शास्त्र. ही अडाण्यांची गाणी म्हणून कोणी हिणवील, तर त्यास सांगावे की, तेराव्या शतकात ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहोत्सवप्रसंगी महदाइसेने रुक्मिणीस्वयंवराचे धवळेच रचिले, आणि मराठीची आद्य कवयित्री म्हणून ती मान पावली.

कायद्यासही या चालीचे वावडे नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या ७ व्या कलमाने वधूच्या वा वराच्या रूढीप्रमाणे लागलेला विवाह मान्य केला आहे.

आज हळदीच्या रात्री डीजेचा गजर होतो, लग्ने दूरच्या रिसॉर्टांत लागतात. त्यास आमचा विरोध नाही. परंतु पोथी नसलेली विद्या गाणारीबरोबरच जाते. म्हणून ज्ञातिबंधुभगिनींस आमची विनंती एवढीच, की आपल्या आळीतील वृद्ध धवलारणीपुढे वही घेऊन बसावे, आणि घरच्या लग्नात तिचा पाट आधी मांडावा.