पाठलाग (१९६४) : मीच ती, हे सिद्ध कसं करायचं?

'मेरा साया' माहीत नाही असा माणूस आमच्या नवी मुंबईत शोधून सापडायचा नाही. निदान झुमक्याचं गाणं तरी सगळ्यांना पाठ! पण हा सिनेमा मुळात मराठी, असं सांगितलं की मंडळी चमकतात. राज खोसलांनी साधना आणि सुनील दत्तला घेऊन तो १९६६ मध्ये काढला. त्याच्या दोन वर्षं आधी राजा परांजप्यांचा कृष्णधवल 'पाठलाग' येऊन गेला होता. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरून घेतलेला. काम डॉ. काशिनाथ घाणेकर आणि भावना यांचं, गाणी गदिमांची, संगीत दत्ता डावजेकरांचं. उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. तरी आज तो किती जणांनी पाहिलाय?

गोष्ट अशी. एका वकिलाची लाडकी बायको वारलीय. आणि दरोडेखोरांच्या टोळीतली म्हणून पकडलेली एक बाई म्हणते, मीच यांची बायको! चेहरा तोच. नवरा-बायकोपलीकडे कुणाला ठाऊक नसाव्यात अशा गोष्टी ती भर कोर्टात सांगते. आमच्या धंद्याच्या भाषेत बोलायचं तर पासवर्ड बरोबर आहे. पण पासवर्ड चोरताही येतो ना! म्हणजे ती जितकं अचूक सांगेल, तितकी अट्टल ठरायची भीती.

मराठी माणसाला हा पेच तसा जुनाच. पानिपतानंतर (१७६१) सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला. कित्येकांनी त्याला खरा मानलं, बंड माजलं, आणि १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहदंड झाला. इकडे पार्वतीबाईंनी भाऊ गेले हेच कधी मान्य केलं नाही, कुंकू पुसलं नाही. सरकारला पुरावा लागतो, बायकोला आशा पुरते.

'पाठलाग'मध्ये हे उलटं झालंय. इथे आशा धरून बायको उभी आहे आणि पुरावा नवरा मागतोय. कारण तिचं खरं मानायचं, तर आपण रडलो ते कुणासाठी, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. खटला तिच्यावर असला तरी परीक्षा त्याचीच चाललीय.

शेवट सांगत नाही. 'मेरा साया' पाहिलेल्यांना तो ठाऊक आहेच. पण त्यांनीही 'पाठलाग' जरूर बघा, आणि बघताना एवढंच मनाशी विचारा : जिच्याबरोबर संसार केला, तिला ओळखायला कोर्ट कशाला लागावं?