‘ॲडव्हान्स’ ॲप प्रोग्रॅमिंगचा ऑनलाइन कोर्स: फी भरण्याआधी हे वाचा

डोंबिवली स्टेशनच्या बाहेर किंवा ठाण्यात नौपाड्याच्या बाजूला क्लासच्या पाट्या वाचत चाललात, तर ‘ॲडव्हान्स अँड्रॉइड’ हे शब्द कुठेतरी दिसतातच. हल्ली हेच शब्द रील्समधून ऑनलाइन कोर्स बनून समोर येतात. फी बऱ्याचदा पाच आकडी. “दादा, हा घेऊ का?” असं मला सारखं कोणी ना कोणी विचारतं, म्हणून एकदाच नीट लिहितो. लेख अँड्रॉइडपुरता आहे. आयफोनच्या ॲपसाठी मॅक लागतो, शिवाय ॲप स्टोअरसाठी ॲपलची वर्षाला ९९ डॉलर फी असते. शिकायला सुरुवात करणाऱ्या बहुतेकांना ते परवडत नाही.

ॲडव्हान्स म्हणजे नक्की काय?

बेसिक कोर्समध्ये बटण, यादी, दोन-तीन स्क्रीन येतात. सगळं सुरळीत असेल तेव्हा असं ॲप छान चालतं. ॲडव्हान्स भाग सुरू होतो तो काहीतरी बिनसल्यावर. मध्येच कॉल आला, फोन आडवा धरला, रेंज गेली, मेमरी कमी पडली म्हणून सिस्टिमने ॲप गुपचूप बंद केलं, तर तुमच्या ॲपचं काय होतं? याचं उत्तर कोडमध्ये लिहिता येणं म्हणजे ॲडव्हान्स. रंगीत ॲनिमेशन नंतर कधीही शिकता येतं.

आपल्याकडे याची परीक्षा रोज होते. सकाळच्या गर्दीत दिवा ते ठाणे या पट्ट्यात फोनवर रेंज फुल दिसते आणि पान मात्र उघडत नाही. एकेका डब्यात शेकडो फोन एकाच वेळी टॉवरशी भांडत असतात. अशा वेळी जे ॲप प्रत्येक गोष्ट इंटरनेटवरून मागतं, ते गोल चक्र फिरवत बसतं.

आता एम-इंडिकेटर आठवा. सचिन टेके यांनी २०१० च्या सुमारास आणलेलं हे ॲप मुंबईच्या लोकल प्रवाशांच्या फोनमध्ये इतकी वर्षं टिकलं. त्यामागे माझ्या मते एक साधं कारण आहे. लोकलचं टाइमटेबल फोनमध्येच असतं, ते बघायला नेट लागत नाही. ज्या क्षणी माहिती हवी, नेमक्या त्या क्षणी रेंज नसते, हे ओळखून केलेली ही रचना आहे. हिला ‘ऑफलाइन फर्स्ट’ म्हणतात आणि ती समजली की अर्धा ॲडव्हान्स कोर्स समजला.

किराणा दुकानदाराचं बघा. गिऱ्हाईक दारात आल्यावर तो साखर आणायला कल्याणच्या मार्केट यार्डात पळत नाही. दुकानात आहे ती देतो आणि माल संपत आला की मागवून ठेवतो. ॲपमध्ये दुकान म्हणजे फोनमधला डेटाबेस. अँड्रॉइडवर त्यासाठी ‘रूम’ नावाची लायब्ररी आहे. स्क्रीन नेहमी रूममधूनच वाचते, इंटरनेटवरून आलेली माहिती आधी रूममध्ये जाते. स्क्रीन आणि इंटरनेट यांची थेट गाठ कधी घालायची नाही. कोर्समध्ये हा भाग उरकून टाकला असेल, तर नावात कितीही ‘ॲडव्हान्स’ असू दे, तो बेसिकच आहे.

याच्या जोडीला ‘कोरूटीन’ येतं. स्क्रीन रंगवणारा धागा, म्हणजे मेन थ्रेड, जड कामात अडकला आणि तुमच्या टचला ५ सेकंदांत उत्तर मिळालं नाही, तर अँड्रॉइड ‘ॲप प्रतिसाद देत नाही’ अशी पाटी दाखवतं. जड काम बाजूला सारायचं कोटलिन भाषेतलं साधन म्हणजे कोरूटीन. ‘व्ह्यूमॉडेल’ हे तिसरं नाव लक्षात ठेवा: फोन आडवा केला की स्क्रीन पाडून पुन्हा बांधली जाते, त्यात माहिती सांडू नये म्हणून ते असतं.

कोर्स जुना आहे का, हे ओळखायचं कसं?

सिलॅबस मागा आणि त्यात ‘एसिंकटास्क’ शोधा. मागे चालणाऱ्या कामांसाठीची ही जुनी पद्धत गूगलने २०२० मध्ये, अँड्रॉइड ११ सोबत, बाद ठरवली. तीच शिकवत असतील तर व्हिडिओ जुने आहेत, फक्त थंबनेल नवीन. दुसरी खूण भाषेची. गूगलने २०१७ मध्ये कोटलिनला अधिकृत मान्यता दिली आणि २०१९ मध्ये ‘कोटलिन आधी’ हे धोरण जाहीर केलं. स्क्रीन बनवायचं ‘जेटपॅक कंपोज’ २०२१ पासून स्थिर आवृत्तीत आहे. हे दोन्ही नसेल तर पैसे देऊ नका.

फुकटात गूगलचाच ‘अँड्रॉइड बेसिक्स विथ कंपोज’ आहे. नाव बेसिक असलं तरी त्याच्या ८ युनिट्सपैकी पाचवं इंटरनेटवर, सहावं डेटा साठवण्यावर आणि सातवं वर्कमॅनेजरवर आहे. म्हणजे वर सांगितलेलं बरंचसं तिथेच मिळतं. इंग्रजीची अडचण असेल आणि प्रोग्रॅमिंगच नवीन असेल, तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये जावाचे धडे मराठी आवाजात आहेत. जावा कळली की कोटलिन जड जात नाही. पैसे द्यायचेच असतील तर तुमचा कोड वाचून चुका दाखवणाऱ्या माणसासाठी द्या. व्हिडिओ काय, भरपूर आहेत. सर्टिफिकेटच्या पीडीएफचं वजन मुलाखतीत फार नसतं. “ॲप दाखव आणि हे असं का केलंस ते सांग,” हाच प्रश्न खरा.

लागतं काय?

कॉम्प्युटर लागतोच, फक्त मोबाइलवर हे होत नाही. अँड्रॉइड स्टुडिओला किमान ८ जीबी रॅम हवी, १६ असेल तर सुख. ८ जीबीवर एमुलेटर चालवत बसू नका, स्वतःचा फोन केबलने जोडा. सेटिंगमध्ये ‘बिल्ड नंबर’वर ७ वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, तिथे यूएसबी डिबगिंग चालू करा. तिथेच ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ असा एक पर्याय आहे. तो चालू करून आपलं ॲप वापरून बघा. तुमचं ॲप कुठे कुठे माहिती विसरतं ते ५ मिनिटांत कळतं. मला तरी याच्याइतका प्रामाणिक मास्तर भेटलेला नाही. एका क्लासमध्ये मी हे विचारलं तर शिकवणाऱ्याने विषयच बदलला.

प्रोजेक्ट कोणता करायचा?

टू-डू लिस्ट सगळेच करतात. तुम्ही लोकलच्या पासाची आठवण करून देणारं ॲप करा. पास संपल्याचं तिकीट तपासनीस समोर उभा राहिल्यावर कळणं महागात पडतं, त्यामुळे ॲप खरोखर उपयोगी आहे. दिसायला चिमुकलं, पण आत सगळं येतं. तारीख रूममध्ये साठवायची. दिवसातून एकदा तपासायचं काम वर्कमॅनेजरला द्यायचं. फोन बंद करून चालू केला तरी ते काम टिकतं. वर्कमॅनेजर वारंवार करायचं काम १५ मिनिटांपेक्षा कमी अंतराने करत नाही आणि ठरल्या मिनिटालाच करेल याची हमीही देत नाही. कारण अँड्रॉइड ६ पासून आलेला ‘डोझ’ पडून असलेल्या फोनची कामं पुढे ढकलून बॅटरी वाचवतो. पासासाठी सकाळी ९ काय आणि साडेनऊ काय, चालतं. औषधाच्या वेळेचं ॲप असतं तर मात्र अचूक अलार्म वापरावा लागला असता आणि त्याची वेगळी परवानगी घ्यावी लागली असती. हा फरक मुलाखतीत सांगता आला तर समोरचा सरसावून बसतो. अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनलाही वापरणाऱ्याची परवानगी लागते. ती नाकारली तर ॲपने काय करायचं, तेही तुम्हीच ठरवायचं.

काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायला याच्याही पुढे जाऊन ॲप मारून टाकतात. म्हणून घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर चालवून बघा.

प्ले स्टोअरवर टाकताना

डेव्हलपर खात्याचे २५ डॉलर एकदाच भरायचे असतात. पण १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना आणखी एक अट आहे: ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस क्लोज्ड टेस्टमध्ये सामील राहायला हवं. सुरुवातीला हा आकडा २० होता, डिसेंबर २०२४ मध्ये कमी केला. पैसे घेऊन टेस्टर पुरवणारे लोक ऑनलाइन भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. रोजच्या ८:१२ च्या डब्यातला ग्रुप आहे की. अँड्रॉइड फोनवाले १२ जण तिथे सहज निघतात आणि पासाचं ॲप म्हटल्यावर ते नुसतं इन्स्टॉल करून सोडणार नाहीत, तक्रारीही करतील. त्या तक्रारी वहीत लिहून ठेवा, कारण १४ दिवसांनंतर परवानगी मागताना टेस्टिंगमध्ये काय कळलं आणि तुम्ही काय बदललं, हे गूगल विचारतं.