घटोत्कच, कर्ण, अश्वत्थामा आणि आपले हैदराबाद

आपल्या हैदराबादच्या जुन्या मराठी घरांत दोन कर्ण गुण्यागोविंदाने नांदत आले आहेत. एक शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मधला. कुणी तो इसामिया बाजारातल्या मराठी ग्रंथ संग्रहालयातून आणून वाचला, कुणाच्या घरी त्याची पाने सुटलेली जुनी प्रत अजून कपाटात असेल. दुसरा एन. टी. रामारावांचा, तेलुगू शेजाऱ्यांबरोबर टॉकीजमध्ये पाहिलेला आणि पुढे टीव्हीवर संक्रांतीच्या सुटीत पुन्हा पुन्हा भेटलेला. २७ जून २०२४ रोजी 'कल्की २८९८ एडी' हा चित्रपट लागला आणि घरात तिसरा कर्ण आला. हा प्रभास. याच्याकडे बोलणारी गाडी आहे, तो पैशासाठी माणसे पकडून देतो, आणि आपण कोण होतो हे त्याला चित्रपट संपेपर्यंत ठाऊक नसते. त्याच्याबरोबर आला अश्वत्थामा, अमिताभ बच्चनच्या थोराड रूपात. आमच्या घरातल्या नातवंडांचा एकमताने निकाल असा, की या चित्रपटाचा खरा हिरो अश्वत्थामाच.

ज्या माणसाचे नाव आपण भळभळत्या जखमेसाठी घेतो, तो हिरो कसा झाला? याचे उत्तर शोधताना ध्यानात आले, की हे एकाएकी घडलेले नाही. या शहरात आणि या भाषेत ते शंभर-सव्वाशे वर्षे चालले आहे, आणि त्यात मराठी माणसांचाही हात आहे.

'कल्की' पाहून अनेकांना 'स्टार वॉर्स'ची आठवण झाली. सिकंदराबादच्या 'संगीत'मध्ये इंग्रजी चित्रपट पाहिलेल्या पिढीला जॉर्ज लुकासची ही गाथा नवी नाही. ताऱ्यांमधली राज्ये, राजकन्या, दुष्ट सम्राट, गुरू आणि शिष्य, तलवारीऐवजी प्रकाशाची कांब. अशा कथेला स्पेस ऑपेरा म्हणतात, आपण अंतराळगाथा म्हणू. पहिला चित्रपट २५ मे १९७७ रोजी आला. त्याचा नायक ल्यूक हा सरळमार्गी शेतकरी पोरगा, खरे सांगायचे तर थोडा अळणी. लोकांनी डोक्यावर घेतले ते काळ्या मुखवट्यातल्या डार्थ व्हेडरला, उधारीत बुडालेल्या तस्कर हान सोलोला आणि दोन यंत्रमानवांना. गोष्ट सुरू होते तीही या दोन यंत्रांपासून, नायक बऱ्याच वेळाने दिसतो. ही युक्ती लुकासने अकिरा कुरोसावाच्या 'द हिडन फोर्ट्रेस' या १९५८ च्या जपानी चित्रपटावरून घेतली. त्यात राजकन्येच्या सुटकेची गोष्ट दोन भांडखोर, लोभी खेडुतांच्या नजरेतून दिसते.

तेलुगू मुलखाला मात्र ही युक्ती शिकायला जपानपर्यंत जावे लागले नसते. इथला कातडी बाहुल्यांचा खेळ, तोलुबोम्मलाट, याच युक्तीवर उभा आहे. बकऱ्याच्या कमावलेल्या पारदर्शक कातड्याच्या रंगीत बाहुल्या, मागे दिवा, पुढे पांढरा पडदा. राम, कृष्ण, पांडव ही मोठी पात्रे ठरल्याप्रमाणे वागतात, कारण त्यांची गोष्ट सगळ्यांना आधीच माहीत असते. रात्रभर प्रेक्षकाला जागे ठेवण्याचे काम असते केतिगाडू, बंगारक्का आणि जुट्टुपोलिगाडू या विनोदी मंडळींचे. रामायण-महाभारतात यांचा पत्ता नाही. ती मध्येच येतात, भांडतात, गावच्या पाटलाची टिंगल करतात आणि निघून जातात. आणि हा खेळ करणारी अनेक कुटुंबे घरात आपसांत एक मराठी बोली बोलतात, पडद्यामागून मात्र तेलुगू! अनंतपूर भागातले निम्मलकुंटा हे गाव या कलेसाठी प्रसिद्ध आहे. तिथले दळवाई चलपती राव यांना २०२० साली पद्मश्री मिळाली. 'दळवाई' हे आडनाव ऐकून आपल्यापैकी बऱ्याच जणांचे कान टवकारतील.

अशाच एका मराठी मूळ सांगणाऱ्या घराण्याने तेलुगू रंगभूमीला तिची सर्वांत दीर्घायुषी नाटक मंडळी दिली. वनारस घराणे हे मूळचे आरे मराठी, बाहुल्यांचा खेळ करणारे. १८८५ साली कडप्पा जिल्ह्यातल्या सुरभी गावात वनारस गोविंदराव आणि मंडळींनी बाहुल्या बाजूला ठेवून स्वतः रंगमंचावर उभे राहून 'कीचकवध' केला. त्या गावाचे नाव मंडळीला मिळाले. पुढे सुरभीच्या शाखा झाल्या, सगळ्या कुटुंबांच्याच. आजी, सून, नातू सगळे नाटकात. मूल चालू लागले की बाळकृष्ण होऊन रंगमंचावर यायचे आणि वयाबरोबर भूमिका बदलत जायच्या. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियाच करत. मराठीत बालगंधर्व शालू नेसून उभे होते तेव्हाही सुरभीत हे चालू होते, हे आपण जरा नम्रपणे आठवावे. आज सुरभीची वसाहत आपल्याच शहरात, शेरीलिंगमपल्लीला आहे. या मंडळींपैकी आर. नागेश्वर राव, म्हणजे 'सुरभी बाबजी', यांना २०१३ साली पद्मश्री मिळाली.

सुरभीचे गाजलेले नाटक 'मायाबजार'. ज्यांनी पाहिले असेल त्यांना घटोत्कचाचा प्रवेश विसरता येणार नाही. धूर, ज्वाळा, हवेत एकमेकांवर आदळणारे बाण, उडत जाणारी माणसे. सगळे दोऱ्या, कप्प्या आणि मागे उभ्या असलेल्या काका-मामांच्या जोरावर.

गोष्ट आपल्याला 'वत्सलाहरण' म्हणून ठाऊक आहे. बलरामाची मुलगी वत्सला अभिमन्यूला द्यायची ठरलेली. पांडव वनवासात गेल्यावर तिला दुर्योधनाच्या मुलाला द्यायचा घाट घातला जातो आणि घटोत्कच आपल्या मायेने तो उधळून लावतो. तेलुगूत ती शशिरेखा, कुठे सुरेखा. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२१ मध्ये याच कथेवर 'सुरेखाहरण' हा मूकपट काढला. त्यात कृष्ण झालेला तरुण म्हणजे व्ही. शांताराम, आणि ही त्यांची पडद्यावरची पहिली भूमिका. व्यासांच्या महाभारतात ही कथा नाही. ती लोकांनी रचली आणि तिचा नायक केला राक्षसिणीच्या मुलाला. महाभारतात घटोत्कचाचे मुख्य काम कर्णाच्या शक्तीला बळी पडून अर्जुनाला वाचवणे एवढेच. त्याच्या मृत्यूनंतर कृष्णाला हर्ष झाला, असे मूळ ग्रंथातच आहे. ते लोकांना रुचले नसावे. त्यांनी त्याला एक आख्खी रात्र दिली, मनमुराद हसण्याची आणि जिंकण्याची.

१९५७ साली के. व्ही. रेड्डी यांनी विजया प्रॉडक्शन्ससाठी मद्रासमध्ये 'मायाबजार' चित्रपट केला. रामाराव कृष्ण, नागेश्वर राव अभिमन्यू, सावित्री शशिरेखा, आणि घटोत्कच एस. व्ही. रंगाराव. महाभारतावरचा चित्रपट, पण पांडव पडद्यावर एकदाही येत नाहीत! त्यांची कुणाला उणीव भासली नाही. मार्कस बार्टलींच्या छायाचित्रणाने पंगतीतले लाडू आपोआप रंगारावांच्या तोंडात उडत गेले. एक 'प्रियदर्शिनी' नावाची पेटीही आहे: झाकण उघडले की आपले आवडते माणूस आत दिसते आणि बोलते. अमेरिकेतल्या नातवाशी रोज फोनवर समोरासमोर बोलणाऱ्या आजींना यात आता नवल वाटणार नाही. पण त्या वर्षी मार्चमध्ये हा चित्रपट आला तेव्हा स्पुतनिक उपग्रहही अजून अवकाशात गेला नव्हता. या चित्रपटाला रंग देण्याचे काम पुढे हैदराबादच्या कंपनीने केले आणि २०१० साली तो रंगीत होऊन पुन्हा लागला.

'मायाबजार'च्या सेटवर सिंगीतम श्रीनिवास राव नावाचे एक तरुण साहाय्यक होते. त्यांनीच १९९१ मध्ये 'आदित्य ३६९' काढला. कालयंत्रात बसून नायक कृष्णदेवरायाच्या दरबारात जातो आणि तिथून भविष्यात. आणि २०२० साली 'कल्की'ची तयारी चालू असताना त्याचे मार्गदर्शक म्हणून जाहीर झाले तेही हेच सिंगीतम. म्हणजे घटोत्कचाच्या लाडवांपासून २८९८ सालच्या काशीपर्यंत एकाच माणसाचा हात पोहोचतो. लुकासची उसनवारी 'कल्की'त नाही असे नाही, ती ढळढळीत आहे. पण त्याच्या बुज्जी या बडबड्या गाडीत मला तरी केतिगाडूच दिसतो.

आता कर्णाकडे. १४ जानेवारी १९७७, संक्रांत. एकाच दिवशी दोन तेलुगू महाभारते लागली. एक 'कुरुक्षेत्रम', दुसरे रामारावांचे 'दान वीर शूर कर्ण', ज्यात कर्ण, दुर्योधन आणि कृष्ण तिघेही स्वतः रामारावच. लुकासचा चित्रपट यायला अजून चार महिने होते. रामारावांचा दुर्योधन हा खलनायक उरतच नाही. तो प्रेमगीत गातो, आणि भर रंगमंडपात आचार्यांना जाब विचारतो, की माणसाचे कुळ पाहायचे तर तुमच्या स्वतःच्या जन्माचे काय? ते लांबलचक भाषण आजही लग्नाकार्यात हौशी मंडळी तोंडपाठ म्हणून दाखवतात. 'कुरुक्षेत्रम'मध्ये कर्ण होते कृष्णम राजू. त्यांचाच पुतण्या प्रभास. घरातली भूमिका घरातच राहिली, सुरभीसारखी.

मराठीत हे दहा वर्षे आधी झाले होते. १९६७ साली 'मृत्युंजय' आले. त्यात सहा जण आपापली बाजू सांगतात: कर्ण, कुंती, दुर्योधन, कर्णाची बायको वृषाली, भाऊ शोण आणि कृष्ण. शोण आणि वृषाली यांना तोवर कुणी विचारले होते? सावंतांनी बाजूच्या पात्रांना बोलते केले आणि त्यांच्या तोंडून कर्ण उजळला. त्याच वर्षी इरावती कर्वे यांचे 'युगान्त' आले आणि त्यांनी अशी माया कुणालाच दाखवली नाही. द्रोण आणि अश्वत्थामा या बापलेकांना त्यांनी एकत्र तपासले, स्वधर्म सोडून शस्त्र हाती घेतलेले ब्राह्मण म्हणून. 'युगान्त'ला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, घराघरांत पोहोचला 'मृत्युंजय'. मी दोन्ही कपाटात शेजारी ठेवतो. सभापर्वात दुःशासनाला द्रौपदीची वस्त्रे उतरवायला सांगणारा कर्णच होता, हे विसरून कर्णासाठी रडणे मला जमत नाही. पण रडतो, हेही खरे.

अश्वत्थाम्याच्या बाबतीत मात्र मामला फार गंभीर आहे. लहानपणी दूध म्हणून पिठाचे पाणी प्यालेला हा मुलगा आपल्या सगळ्यांना आईच्या मांडीवरच भेटतो. सप्तचिरंजीवांत पहिले नाव त्याचे. नर्मदा परिक्रमा करून आलेल्या मराठी माणसांकडे तर त्याच्या कथा हमखास असतात: शूलपाणीच्या झाडीत कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागणारा उंच म्हातारा. बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावर तो महादेवाच्या पूजेला येतो असेही सांगतात. दया यावी असेच हे चित्र आहे.

पण जखम का झाली? सौप्तिकपर्वात घुबड झोपलेल्या कावळ्यांना मारताना पाहून त्याला कल्पना सुचते. तो रात्री पांडवांच्या छावणीत शिरतो आणि झोपलेल्यांना कापून काढतो, त्यात द्रौपदीची पाचही मुले. नंतर उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडतो. 'कल्की'च्या सुरुवातीला हा गर्भाचा अपराध आहे, आणि दिग्दर्शक नाग अश्विन यांची खरी बुद्धिमत्ता इथे दिसते: गर्भ मारणाऱ्यालाच कृष्ण पुढच्या युगातल्या गर्भाची राखण करायला लावतो. हे प्रायश्चित्त व्यासांनाही आवडले असते असे मला वाटते. पण चित्रपटाचा सगळा भर त्या गर्भावर आहे. छावणीतल्या रात्रीवर नाही.

'स्टार वॉर्स'मध्येही अशी एक रात्र आहे. व्हेडर १९८३ च्या चित्रपटात मुलाला वाचवून मरतो आणि त्याला क्षमा मिळते. प्रेक्षक डोळे पुसत बाहेर पडले. पुढे २००५ मध्ये लुकासने मागची गोष्ट दाखवली, त्यात हाच माणूस मंदिरात शिरून लहान शिष्यांना मारतो. क्षमा आधी दाखवली, गुन्हा बावीस वर्षांनी. आपल्याकडे उलटे झाले. गुन्हा हजारो वर्षे माहीत होता, क्षमा आता आली. व्यासांनी व्हेडरसारखा सुटकेचा मृत्यू अश्वत्थाम्याला दिला नाही. तीन हजार वर्षे कुणाशी न बोलता भटकण्याचा शाप दिला. आणि द्रौपदीने त्याच्या कपाळीचा मणी घेतला, पण गुरुपुत्र म्हणून जीव घेतला नाही. या सगळ्या प्रकरणात मोठे मन दिसते ते तिचे, आणि तिच्यावर असा चित्रपट अजून कुणी काढत नाही.

'कल्की'चा दुसरा भाग यायचा आहे. पहिल्याच्या शेवटी कमल हासनचा यास्किन गांडीव उचलून उभा आहे, म्हणजे पुढे कर्ण, अश्वत्थामा आणि तो असा सामना होणार. नातवंडे आतापासून उतावीळ आहेत. तोवर आमच्याकडे रात्री गोष्ट सांगायची पाळी आली, की अश्वत्थाम्याची गोष्ट मी पूर्ण सांगतो, पिठाच्या दुधापासून नर्मदेच्या तेलापर्यंत. मधली छावणी गाळत नाही. त्या पाच मुलांची नावेही घेतो: प्रतिविंध्य, सुतसोम, श्रुतकर्मा, शतानीक, श्रुतसेन. धाकट्या नातीला आता ती पाठ झाली आहेत. तिसऱ्या नावाशी ती दर वेळी अडखळते.