नया किल्ल्यातील पाणी

सुलतान बाजार १९३३ साली निजामाकडे परत आला. तोवर तो रेसिडेन्सी बाजार होता व तेथे इंग्रज रेसिडेंटाचा अंमल चाले. साहेबांबरोबर त्यांचे खेळही या मुलखात आले. गोल्फ हा त्यांतला पाण्याचा मोठा लोभी खेळ. तथापि हिंदुस्थानातील पुष्कळ छावण्यांत त्या काळी खळग्याभोवती हिरवळ राखीतच नसत. तेलात कालवलेली वाळू चोपून सपाट करीत आणि तिला ‘ब्राउन’ म्हणत. पाणी वाचविण्याची याहून सरळ योजना माझ्या तरी वाचनात नाही.

आज सुलतान बाजारापासून पश्चिमेस, गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यात, गोल्फचे मैदान आहे. हा तट अब्दुल्ला कुतुबशहाने १६५६ च्या मोगली वेढ्यानंतर घातला. जवळचा उंचवटा पुन्हा शत्रूच्या हाती पडू नये, हा हेतू. आत कुतुबशाही बाग होती; २०१४ च्या सुमारास पुरातत्त्व खात्याने केलेल्या उत्खननात तिचे पाट व मातीचे नळ उघडे पडले.

मुख्य किल्ल्यास पाणी दुर्गम चेरुवू या तलावातून येई. पुरलेल्या मातीच्या नळांतून, केवळ उताराच्या बळावर, ते कटोरा हौदापर्यंत पोहोचे. बालाहिसाराच्या टेकडीवर मात्र रहाटांनी टप्प्याटप्प्याने चढवावे लागे. नळ जमिनीखाली असल्याने वाटेत उन्हाने पाणी उडत नसे. आधी उतार पाहावयाचा, मग बाग आखावयाची, असा तो क्रम. आम्ही आधी मैदान आखतो आणि मग पंप शोधतो!

अलीकडे गोल्फमैदानांचे आराखडे करणारेही शहाणे होऊ लागले आहेत. नित्य पाणी खळग्याभोवतीच्या हिरवळीस. कडेचे रान कोरडे. तुषार रात्री किंवा पहाटे. आणि शक्य तेथे पिण्याच्या पाण्याऐवजी शुद्ध केलेले सांडपाणी.

नया किल्ल्यात मात्र नव्या नळासाठी चर खणावा, तर कुदळ जुन्याच नळावर पडावयाची. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० साली दुरुस्ती होऊन संरक्षित हद्दीबाहेर निदान १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई झाली. परंतु ‘बांधकाम’ या शब्दाच्या व्याख्येतून लोकांस पाणी पुरविण्याची कामे वगळली आहेत. गोल्फ खेळणारे सभासद हे या अर्थी ‘लोक’ होत काय? माझ्या मते नव्हत. ती सवलत वस्तीच्या नळासाठी आहे, गवतासाठी नव्हे. शिवाय संरक्षित हद्दीच्या आत तर केंद्र सरकारच्या परवानगीवाचून खोदकाम मुळातच वर्ज्य आहे. तेव्हा या जागी तुषारांचा नकाशा काढण्यापूर्वी कुतुबशाही पाटांचा नकाशा पुरा झाला पाहिजे, आणि तो पुरातत्त्व खात्याच्या माणसांनीच करावयाचा आहे.