ऐझॉल फुटबॉल क्लबचे विजेतेपद : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

मिझोरममधील ऐझॉल फुटबॉल क्लबची २०१५-१६ च्या हंगामाअखेर आय-लीगमधून खालच्या श्रेणीत घसरण झाली. मात्र गोव्यातील साळगावकर व स्पोर्टिंग या संघांनी महासंघाच्या नियोजित पुनर्रचनेच्या निषेधार्थ माघार घेतल्याने त्यास पुनःप्रवेश मिळाला. प्रशिक्षक खालिद जमील यांच्या मार्गदर्शनाखाली या संघाने ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँग लाजाँगशी १-१ अशी बरोबरी साधली आणि मोहन बागानपेक्षा एका गुणाने पुढे राहून विजेतेपद मिळविले. ईशान्य भारतातील क्लबचे हे पहिलेच राष्ट्रीय लीग विजेतेपद होय. तथापि २०१७-१८ मध्ये इंडियन सुपर लीगचा विस्तार निविदांद्वारे झाला. विजेत्या ऐझॉलला तेथे स्थान मिळाले नाही. स्पर्धेची रचनाच मैदानावरील यशाला मोल देत नसेल, तर दुर्बळ संघाचा विजय इतिहासात अपवाद म्हणूनच उरतो, असे यावरून दिसून येते.